ओढा लवकर आटतो, विहीर लवकर तळ गाठते: यात पावसाचा वाटा किती, आपला किती?

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या गावालगतचा ओढा पुढे मांजरेला मिळतो. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी होळीपर्यंत ओढ्याला धार असायची. आता दिवाळी सरली की वाळू दिसते. विहिरी संक्रांतीनंतर तळाला जातात. कुणी म्हणतं पाऊसच राहिला नाही, कुणी उसाला दोष देतं, कुणी बोअरना, कुणी वरच्या बंधाऱ्यांना. यातलं किती कशामुळे झालं हे मोजता येतं का?"

सर, मोजता येतं. पै-पैचा हिशोब लागणार नाही, पण पारावरचा वाद मतांवरून मापांवर येईल इतकं नक्की हाती लागतं. मी गेली सव्वीस वर्षं भूजलाच्या कामात आहे आणि त्यातला बराचसा काळ बालाघाटाच्या आजूबाजूला विहिरी मोजण्यात गेला आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की पाऊस आणि पैसेवारी डोळ्यांपुढे येते. पण पावसाचा दुष्काळ, नदीचा दुष्काळ आणि भूजलाचा दुष्काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेळी येतात असं नाही. पाऊस जुलैत ओढ देतो, ओढ्याला ते ऑक्टोबरात जाणवतं, विहिरीला जानेवारीत. कधी पाऊस सरासरीइतका होऊनही विहिरी मार्चमध्ये कोरड्या पडतात. असं वर्ष सापडलं की आमचे कान टवकारतात. पाऊस पडला, तरी पाणी नाही, म्हणजे मधे काहीतरी घडलेलं आहे. माणसाचा वाटा शोधायची सुरुवात अशा वर्षापासून करायची.

सगळा खेळ तुलनेचा आहे. आजच्या ओढ्याची तुलना वडिलांच्या लहानपणच्या ओढ्याशी केली, तर मधल्या काळात पाऊसही बदलला आणि माणसंही. मग वाटे पाडता येत नाहीत. आपल्याला हवा आहे तो असा ओढा, ज्यावर पाऊस आजचाच पडला आहे पण ज्याच्या पाणलोटात आजचे बोअर, आजचा ऊस, आजचे बंधारे नाहीत. असा ओढा जमिनीवर कुठेच नाही. तो हिशोबाने उभा करावा लागतो आणि मग त्याच्याशेजारी खरा ओढा ठेवायचा. दोघांत जो फरक दिसेल, तो माणसाचा वाटा. या कामाच्या जगभरात जितक्या पद्धती आहेत, त्या या हिशोबातल्या ओढ्याला उभं करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

या कामाचं एक उत्तम उदाहरण स्पेनमधलं आहे. ला मांचा भागात ग्वादियाना नदीचं वरचं खोरं आहे. पाऊस कमी, जमीन सपाट, खाली चुनखडकाचा मोठा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर. तिथे नदी जिथे झऱ्यांच्या रूपाने जमिनीतून वर येते त्या जागेला लोक 'ग्वादियानाचे डोळे' म्हणत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरी वाढल्या, द्राक्षं आणि मका ओलिताखाली आले आणि १९८० च्या दशकात ते डोळे मिटले. खालच्या बाजूला दाइमिएलचं पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली जमीन इतकी सुकली की २००९ मध्ये जमिनीखालच्या कुजट वनस्पतींच्या थराला आग लागली आणि ती आतल्या आत धुमसत राहिली. मग तिथेही आपल्यासारखाच वाद: शेतकरी म्हणत, दुष्काळ पडलाय, आम्ही काय करणार.

नेदरलँड्समधल्या अ‍ॅन व्हॅन लून आणि हेनी व्हॅन लानेन या दोघा जलशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये याचा हिशोब मांडला. उपसा वाढायच्या आधीची वर्षं घेतली. त्या काळात अमुक पाऊस आणि अमुक तापमान असताना नदीला किती पाणी आणि विहिरीत किती पातळी, हे नातं गणिती प्रारूपाला (मॉडेलला) शिकवलं. मग त्याच प्रारूपात नंतरच्या वर्षांचा खरा पाऊस आणि खरं तापमान घातलं. प्रारूपाला बोअर-विहिरींचा पत्ताच नाही, त्यामुळे ते जे सांगतं ते 'उपसा नसता तर' घडलं असतं ते. त्याच्याशेजारी प्रत्यक्ष मोजलेली पातळी ठेवली. उत्तर आलं, की त्या खोऱ्यात उपशाचा परिणाम कमी पावसाच्या परिणामाच्या सरासरी चौपट होता. दुष्काळ खोटा नव्हता, पण त्याच्या डोक्यावर चौपट ओझं माणसांनी ठेवलं होतं.

हीच पद्धत मांजरेवर जशीच्या तशी का लागू पडत नाही, याचं कारण नोंदींमध्ये आहे. प्रारूपाला शिकवायला 'आधीची' वर्षं लागतात. आपल्याकडे नदीचा प्रवाह रोज मोजायची सोय बहुतेक ठिकाणी धरणाच्या निमित्ताने आली. म्हणजे नोंद सुरू झाली तेव्हाच नदीला हात लागलेला होता. छोट्या ओढ्यांना तर मोजणीच नाही. मांजरेच्या बाबतीत गोष्ट आणखी जुनी आहे. याच नदीवर खाली तेलंगणात निजामसागर १९३१ मध्येच पुरा झाला. केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, मग लातूरकडचे बंधारे आणि बराज. पाण्याचं माप आणि पाण्यावरचं बांधकाम हातात हात घालून वाढत गेलं.

म्हणून आपल्याकडे दुसरी वाट जास्त चालते, ती जोडीच्या पाणलोटांची. एकमेकांशेजारचे दोन ओढे घ्यायचे, पाऊस सारखा, खडक सारखा, उतार सारखा. एकात बागायत आणि बोअर जास्त, दुसऱ्यात कमी. पूर्ण अस्पर्श पाणलोट मराठवाड्यात मिळणार नाही, त्याचा शोध घेत बसू नका. 'जास्त' आणि 'कमी' एवढं पुरतं, फक्त उत्तर वाचताना लक्षात ठेवायचं की कमीवाल्या ओढ्यातही थोडा हात आहेच, त्यामुळे हाती आलेला माणसाचा वाटा खऱ्यापेक्षा कमीच दिसेल. एकाच नदीवर वरचं ठिकाण आणि खालचं ठिकाण अशीही जोडी लावता येते. वरच्या आणि खालच्या पाण्याचा वाद जायकवाडीच्या निमित्ताने आपण पाहतोच. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, या २०१४ मध्ये ठरलेल्या नियमामागेही वरचं-खालचं असं तुलनेचंच माप आहे.

आता विहिरींकडे येतो. तुमच्या भागातली खरी गुंतागुंत इथे आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

आपण बसलोय काळ्या पाषाणावर. पंजाबातल्या गाळाच्या जमिनीत दाण्यादाण्यात पोकळी असते, पाणी सगळीकडे भरलेलं असतं. आपल्या खडकात पाणी फक्त वरच्या मुरमात, फटींत आणि पोकळ, भोकाभोकांच्या थरात असतं. हिशोबाने पाहा. गाळात पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली तर एक चौरस किलोमीटरमधून साधारण दीड लाख घनमीटर पाणी निघालेलं असतं. आपल्या खडकात पाणी देणारी पोकळी दोन टक्के धरा, म्हणजे फक्त वीस हजार घनमीटर. पातळी तेवढीच उतरली, पाणी मात्र सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच निघालं. याचा अर्थ दुहेरी आहे. थोड्याशा उपशाने आपली विहीर झपाट्याने खाली जाते आणि एका चांगल्या पावसाळ्यात झपाट्याने वरही येते.

त्यामुळे पंजाबात जशी वर्षानुवर्षं पातळी खाली खाली जाणारी रेघ दिसते, तशी रेघ तुमच्या गावात शोधली तर सापडत नाही. ऑक्टोबरची पातळी काढा. चांगल्या पावसाच्या वर्षी विहीर काठोकाठ. मग कुणीतरी अहवालात लिहितं की भूजलात घट नाही. अहो, ऑक्टोबरात घट दिसणारच कशी? घागरच लहान आहे, ती दर पावसाळ्यात भरते. प्रश्न ती केव्हा रिकामी होते हा आहे. आमच्या कातळात भूजलाचा दुष्काळ मुख्यतः तारखेतून दिसतो, पातळीतून नंतर. 'विहीर कोणत्या आठवड्यात तळाला गेली' ही नोंद मला मेच्या पातळीपेक्षा मोलाची वाटते.

मेच्या पातळीबद्दल तर जरा जास्तच सांगतो, कारण या एका गोष्टीने मी स्वतः फसलो आहे. राज्याच्या भूजल यंत्रणेकडून निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजल्या जातात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आता विहीर नऊ मीटर खोल आहे आणि मेमध्ये ती कोरडी आहे. वहीत काय लिहायचं? काही जण 'कोरडी' लिहितात, काही नऊ मीटर लिहितात, काही रकाना मोकळा सोडतात. खरी पातळी बारा मीटरवर असेल, पंधरावर असेल, विहीर सांगू शकत नाही, कारण तिचा तळच नवावर आहे. पुढे संगणकावर सरासरी काढताना मोकळे रकाने गळून जातात. म्हणजे ज्या वर्षी सगळ्यांत जास्त विहिरी कोरड्या पडल्या, त्या वर्षीची सरासरी फक्त पाणी असलेल्या विहिरींची निघते आणि दुष्काळाचं वर्ष कागदावर बरं दिसतं. मी एका तालुक्याचा आलेख असाच काढला होता आणि एका वाईट वर्षी पातळी सुधारलेली पाहून दोन दिवस डोकं खाजवत होतो. मूळ वह्या काढून बघितल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून पहिला आकडा मी एकच मागतो: किती टक्के विहिरी कोरड्या? सरासरी त्यानंतर.

दुसरी फसगत मापाच्या वेळेची. निरीक्षण विहीर म्हणजे फार वेळा शेतकऱ्याची चालू विहीर असते. एका गावात मी सकाळी अकराला पोचलो. पोलादी फितीच्या टोकाला खडू घासला, फीत सोडली, वर ओढून ओल्या खडूची खूण पाहिली: सव्वासात मीटर. काठावर धुणं धूत बसलेल्या आजी म्हणाल्या, "साहेब, आत्ताचं काय मोजताय, मोटर सकाळपासून चालू होती. पहाटेचं पाणी बघा." दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो. त्याच विहिरीत पाणी साडेपाच मीटरवर. पावणेदोन मीटरचा फरक, एका रात्रीचा पाझर. माझी अकराची नोंद तशीच कागदावर गेली असती तर ती भूजलाची पातळी न राहता मोटरीची नोंद झाली असती. त्याच आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या सासूच्या वेळी त्या विहिरीला उन्हाळ्यात पाच वाव दोर लागायचा, मग सात वाव लागला, मग विहीर खोदून वाढवली आणि आडवे बोअर मारले. दोराची लांबी ही चाळीस-पन्नास वर्षांची नोंद आहे. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, पावणेदोन मीटरच्या आसपास. तेव्हा तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना 'पाणी किती होतं' असं विचारू नका. विचारा की विहीर किती परस (खोलीचं जुनं माप) होती, दोर किती वाव लागायचा, मोटर आली तेव्हा ती किती तास चालायची आणि आता किती चालते. चार तास चालणारी मोटर पाऊण तासावर आली, हे शेतकऱ्याने स्वतः रोज घेतलेलं माप आहे.

मग दुष्काळ 'लागला' असं कधी म्हणायचं? यासाठी उंबरठा ठरवावा लागतो. नदीसाठी सर्वसाधारण रीत अशी, की प्रत्येक महिन्यासाठी असा प्रवाह काढायचा जो शंभरातल्या ऐंशी वर्षी ओलांडला जातो. त्याच्या खाली प्रवाह गेला की दुष्काळ. मग तो किती दिवस टिकला आणि त्या काळात किती पाणी कमी पडलं हे मोजायचं. दोन खड्डे आहेत यात. पहिला आपल्यासारख्या मधेच आटणाऱ्या ओढ्यांचा. फेब्रुवारीचा उंबरठा काढला तर उत्तर शून्य येतं आणि शून्याच्या खाली काही जात नाही, म्हणजे फेब्रुवारीत दुष्काळ कधीच नाही! अशा ठिकाणी कोरड्या दिवसांची संख्या आणि धार तुटल्याची तारीख हीच मापं धरावीत.

दुसरा खड्डा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. उंबरठा कोणत्या नोंदींवरून काढला? गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या नोंदींवरून काढला, तर त्या काळातला उपसा उंबरठ्यातच मुरलेला असतो. ओढा दिवाळीत आटणं हेच 'नेहमीचं' ठरतं आणि माणसाने आणलेला दुष्काळ हिशोबातून नाहीसा होतो. उंबरठा हिशोबातल्या, हात न लागलेल्या ओढ्यावरून काढायचा आणि खऱ्या ओढ्याला लावायचा. एवढं एक पाळलं तरी निम्मं काम बरोबर होतं. माझ्या पाहण्यात आलेल्या कितीतरी प्रकल्प अहवालांत ही चूक आहे.

आता उपशाकडे. इथे माप नाही, कारण विहिरीवर मीटर नाही आणि शेतीपंपाच्या बिलावरूनही उपसा नेमका कळत नाही. मग अंदाज तीन बाजूंनी करतात आणि तिन्ही जुळतात का ते पाहतात. शेतीच्या फीडरवर किती वीज गेली, थ्री-फेज किती तास होती ही एक बाजू. पिकाखालचं क्षेत्र आणि पिकाची गरज ही दुसरी. विहिरींची संख्या गुणिले मोटरीचे तास ही तिसरी.

पिकाच्या बाजूने एक हिशोब मांडून दाखवतो, वही घेऊन तुम्हीही करू शकता. उसाला बारा महिन्यांत साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. त्यातलं अर्धा मीटर पावसातून मिळालं असं धरा. उरलं दीड मीटर, म्हणजे हेक्टरी पंधरा हजार घनमीटर. हे पाणी विहीर-बोअरमधून यायचं. तिकडे पुनर्भरणाचं पाहा. देशात भूजल मोजायची जी अधिकृत पद्धत आहे, तिच्यात आपल्या मुरमाड झालेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या सात टक्के आणि भेगाळ, पोकळ थरात तेरा टक्के पाणी मुरतं असं धरलं जातं. मधला दहा घ्या. साडेसातशे मिलिमीटर पावसात मुरलेलं पाणी पंचाहत्तर मिलिमीटर, हेक्टरी साडेसातशे घनमीटर. पंधरा हजार भागिले साडेसातशे, उत्तर वीस. एक हेक्टर ऊस वीस हेक्टर जमिनीत मुरलेलं पाणी पितो. थोडं पाणी परत जमिनीत झिरपतं, ठिबक असेल तर गरजही कमी होते, म्हणून विसाचे पंधरा म्हणा. तुमच्या गावाच्या शिवारात किती हेक्टर ऊस आहे हे तलाठ्याकडे मिळेल. गुणाकार करा आणि शिवाराच्या क्षेत्राशी ताडून बघा.

याच हिशोबात लातूरचं २०१६ आठवतं. मांजरा धरणाचा एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, पण त्या उन्हाळ्यात शहराला द्यायला त्यात काही उरलं नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर, म्हणजे अडीच हजार घनमीटर. वर काढलेले पंधरा हजार घनमीटर म्हणजे अशा सहा पूर्ण गाड्या, एका हेक्टर उसासाठी. त्या वेळी दोन्ही बाजूंनी ठाम बोललं गेलं. २०१४ आणि २०१५ या सलग दोन पावसाळ्यांत मराठवाड्यात पाऊस सरासरीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच झाला होता, तेव्हा पावसाचा काही दोष नाही म्हणणं चूक. आणि तेवढ्याच पावसात बागायत कमी असती तरी शहर तसंच तहानलं असतं, असं म्हणणंही चूक. मधलं उत्तर हवं असेल तर धरणाचा येवा (धरणात येणारं पाणी), बाष्पीभवन, वरच्या बंधाऱ्यांत अडलेलं पाणी आणि लाभक्षेत्राबाहेरचा उपसा हे सगळं महिनावार बेरजेत परत धरून बघावं लागतं. बाष्पीभवन विसरू नका. आपल्या कोरड्या हवेत उघड्या पाण्यातून वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी उडून जातं, आणि ते धरण नसतं तर तसं उडालं नसतं. तोही माणसाचाच वाटा.

माणसाचा परिणाम नेहमी पाणी घटवणाराच असतो असं मात्र नाही, आणि हे कबूल न करता केलेली मोजणी एकतर्फी होते. कालव्याखालच्या गावांत जा. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की विहिरींना पाझर वाढतो, कारण कालवा झिरपतो. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच त्याच्या लाभक्षेत्रात पाणी वर येऊन जमिनी खारपड व्हायला लागल्या. तिथे भूजलाचा दुष्काळ माणसाने पळवून लावला आणि दुसरं दुखणं आणलं. धरणाखालच्या नदीतही एप्रिलमध्ये सोडलेलं पाणी दिसतं, जे नैसर्गिकरीत्या तिथे नसतं. पण त्याच वेळी पुढच्या, धरणापासून दूरच्या गावांत ओढा आधीपेक्षा लवकर आटतो. म्हणून एका खोऱ्याला एक आकडा देऊ नये. ठिकाणागणिक चिन्हच बदलतं, अधिकचं उणे होतं.

जलसंधारणाच्या कामांचं मोजमाप हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आणि सगळ्यात जास्त त्रास देणाराही. नाला खोलीकरण २०१५ च्या उन्हाळ्यात, विहिरी मोजल्या २०१६ च्या ऑक्टोबरात, पातळी चार मीटर वर, टाळ्या. पण २०१६ चा पावसाळा मराठवाड्यात चांगला झाला होता. जिथे एक फावडंही पडलं नव्हतं तिथल्या विहिरीही वर आल्या होत्या. कामाचा परिणाम काढायचा तर दोन फरक काढावे लागतात: काम झालेल्या गावातला आधी-नंतरचा फरक आणि काम न झालेल्या शेजारच्या गावातला आधी-नंतरचा फरक. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरतं ते कामाचं. कधी ते चार मीटरचं एक मीटर होतं. एक मीटरही कमी नाही, त्यासाठी राबलेल्या माणसांचं कौतुकच आहे. पण चार म्हणून सांगितलं की पुढच्या कोरड्या वर्षी लोकांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वर्षं लागतात. शिवाय वर अडवलेलं पाणी खालच्या गावाच्या ओढ्यातून वजा होतं का, हे खालच्या गावात जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही आणि तिथे मोजायला सहसा कुणी जात नाही. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी तर विहिरीतून उपसून भरली जातात. जमिनीतलं झाकलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, हे भूजलाच्या वहीत खर्चाच्या बाजूलाच लिहावं लागतं.

अजून एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. पावसाचा वाटा साठ, माणसाचा चाळीस, असे तुकडे स्वच्छ पडत नाहीत, कारण दोन्ही एकमेकांवर स्वार असतात. पाऊस कमी झाला की पुनर्भरण घटतं, आणि नेमकं त्याच वर्षी उपसा वाढतो. खरिपाच्या तुरीलाही पाणी द्यावं लागतं, उभा ऊस जगवावा लागतो, बाग वाळू नये म्हणून माणूस कर्ज काढून आणखी बोअर मारतो. पाचशे फूट, सातशे फूट. राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हणतो. दोनशे फुटांनाही न भरणारी ही मर्यादा आणि शिवारातले सातशे फूट, यातलं अंतर तुम्ही रोज पाहता. त्या खोलवरच्या फटींत साठलेलं पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही. म्हणून उथळ विहीर आणि खोल बोअर यांची मापं एका आलेखात कधीही मिसळू नका. एक दर वर्षी भरणारी घागर, दुसरी जुन्या ठेवीची कोठी. अशा जोडदुष्काळात मी टक्के सांगत नाही. मी सांगतो: फक्त पाऊस कमी असता तर विहीर मार्चमध्ये तळाला गेली असती, आहे त्या उपशात ती जानेवारीत गेली, दोन महिने उपशाचे. दोन महिने म्हटलं की शेतकऱ्याला लगेच कळतं. टक्के सांगितले की वाद सुरू होतो.

उपग्रहाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून जमिनीतल्या पाण्याचा अंदाज दिला. राजस्थान, पंजाब, हरियाणा मिळून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचं त्यातूनच पुढे आलं. पण त्याचा एक ठिपका लाखभर चौरस किलोमीटरहून मोठा असतो. त्यात तुमचं गाव सोडा, सबंध मराठवाडाही नीट वेगळा दिसत नाही. तुमच्या कामाचा उपग्रह तो, जो रब्बीत हिरवं किती आहे ते दाखवतो. त्यावरून बागायतीचं क्षेत्र वर्षावर्षाचं मिळतं.

तर तुम्ही काय करावं? शाळा हाताशी आहे, त्याचा उपयोग करा. गावात दहा विहिरी निवडा: तीन ओढ्याकाठच्या, तीन माळावरच्या, दोन उसाच्या पट्ट्यातल्या, दोन अशा ज्यांवर मोटरच नाही. बिनमोटरीच्या दोन विहिरी सगळ्यात मोलाच्या, त्या शोधायला वेळ लागला तरी चालेल, पडक्या वाड्यातला आड असला तरी घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, मोटर सुरू व्हायच्या आधी, मोजा. कोरडी असेल तर 'कोरडी' असंच लिहा आणि शेजारी विहिरीची खोली लिहा. रकाना मोकळा सोडू नका. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवा, महसूल मंडळाच्या ठिकाणचा पाऊस तुमच्या ओढ्यावर पडलेलाच असतो असं नाही. ओढ्यावर एक जागा पक्की करा, पुलाखालची चालेल, आणि धार तुटली तो दिवस लिहा. शक्य असेल तर शेजारच्या कमी बागायतीच्या गावातल्या एखाद्या शिक्षकांना हेच करायला सांगा, म्हणजे जोडी तयार होईल. तीन पावसाळे झाले की पाऊस आणि धार तुटण्याची तारीख यांचं दोन्ही गावांतलं नातं कागदावर मांडता येतं. त्यांतलं एखादं वर्ष कोरडं निघालं, तर त्या वर्षी दोन गावांच्या तारखांत जे अंतर पडेल, तिथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडेल.

मापं घेताना विहिरीच्या काठावर एक जागा रंगाने खूण करून ठेवा, दर वेळी तिथूनच फीत सोडा, आणि पहिल्याच दिवशी त्या खुणेची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन-तीन वर्षांत कुणीतरी कठडा वाढवतं आणि मागची सगळी मापं दोन फुटांनी चुकतात.